कॉम्प्लिमेंट प्रोटीन म्हणजे काय? रिपोर्टमधल्या सी३ आणि सी४चा अर्थ

ल्युपस किंवा किडनीच्या काही आजारांत रक्ताच्या रिपोर्टवर ‘सी३’, ‘सी४’ अशी नावं दिसतात. ही कॉम्प्लिमेंट प्रोटीन्स आहेत. ती काय करतात, ते आज मी सोप्या भाषेत सांगतो.

नाव कुठून आलं?

१८९०च्या दशकात ज्युल बोर्दे यांना दिसलं, की सीरम सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवलं की त्याची जंतू मारण्याची ताकद जाते. त्यात थोडं साधं ताजं सीरम घातलं की ती परत येते. म्हणजे अँटिबॉडीला कुणीतरी पूरक मदत करतं. पूरक म्हणजेच कॉम्प्लिमेंट. बोर्दे यांना १९१९चं नोबेल मिळालं.

काम कसं चालतं?

ही ३०हून जास्त प्रोटीन्स आहेत, बरीचशी लिव्हरमध्ये बनतात. रक्तात ती शांत फिरत असतात. जंतू दिसला की एक दुसऱ्याला जागं करतं आणि साखळी सी३पाशी पोहोचते. सी३ फुटतं. त्याचा एक तुकडा जंतूला चिकटतो, मग पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. शेवटी सी५ ते सी९ मिळून काही जंतूंना चक्क भोक पाडतात.

मग आपल्या पेशी कशा वाचतात?

मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ हे रक्षक असतात. पीएनएच या दुर्मीळ आजारात लाल पेशींवर ते नसतात किंवा कमी असतात. मग कॉम्प्लिमेंट आपल्याच लाल पेशी फोडतं. लघवी गडद होते, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो.

२००७मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं एक्युलिझुमॅब हे औषध सी५लाच अडवतं. पेशी वाचतात, पण मेनिंगोकोकस या जंतूविरुद्धचं मोठं हत्यारही जातं. म्हणून आधी लस घ्यावी लागते. लस घेतल्यावरही ताप आला, तर लगेच डॉक्टर गाठायचा.

रिपोर्टमध्ये सी३ कमी आलं तर?

शरीर ते बनवतच नाही, असा अर्थ लगेच काढू नका. ल्युपस उसळला की सी३ आणि सी४ भराभर वापरली जातात, म्हणूनही आकडा घसरतो. त्यामुळे एकट्या आकड्यावरून निष्कर्ष नको, डॉक्टरांशी बोला.

आणि ‘इम्युनिटी वाढवा’ अशी जाहिरात दिसली, तर एवढं आठवा: या यंत्रणेला ताकदीइतकीच ब्रेकचीही गरज असते.