भट्टी आणि कडूकंद

पावसाळा सरून डोंगर वाळू लागले की भोर-वेल्ह्याच्या उतारांवर जी काळी वर्तुळे अधूनमधून दिसतात ती वणव्याची नव्हेत, कोळशाच्या भट्ट्यांची होत. ऐन, किंजळ, जांभूळ यांचे ओंडके रचून, वर पाला व माती लिंपून, आत कोंडलेला विस्तव दिवसच्या दिवस मंद जागता ठेवावयाचा आणि धुराच्या रंगावरून लाकूड पिकले की नाही ते ओळखावयाचे, हे कसब ज्यांच्या हाती असते ते बहुधा कातकरी. झाड मात्र त्यांचे नसते, जमीन नसते आणि कोळसाही नसतो.

खैराच्या गाभ्यापासून कात काढणारी म्हणून जिला हे नाव पडले, त्या जमातीला १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगल पारखे होत गेले, काताचा धंदा बसला आणि भट्टीची मजुरी तेवढी उरली. तरीही रान तिला पोशीत होते. आषाढात घरातले धान्य संपले म्हणजे बाया कडूकंद खणून आणीत, तो उकडून वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा घालवीत. खेकडे, मध, रानभाज्या यांवर ते दिवस निभत. रान तुटले तेव्हा हे कोठारच गेले. मग त्याच दिवसांत मुकादमाकडून उचल घ्यावी लागते आणि ती फेडण्यासाठी लेकरांसह भट्टीवर जावे लागते, म्हणजे जे रान नाहीसे झाल्यामुळे भूक आली तेच आणखी तोडावयास. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने रद्द झाली खरी. उचलीचा हिशेब अजून मुकादमाच्याच वहीत असतो.

मलेशियातील सारावाकमधील पेनान या वनवासी लोकांनी १९८७ साली लाकूडतोडीचे रस्ते अडविले. तेथे तोडणारा परका होता, म्हणून अडविणे तरी शक्य झाले; येथे कुऱ्हाड कातकऱ्याच्याच हाती असते.

येथील पुष्कळसे रान मालकीचे असले, तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वये ऐन, हिरडा, खैर ही झाडे मालकालाही परवान्यावाचून तोडता येत नाहीत. परंतु बेकायदा तोड पकडली जाते तेव्हा उभे रान उक्ते घेणारा व्यापारी जागेवर नसतो. पंचनाम्यात कुऱ्हाडवाल्याचे नाव चढते. हा अन्याय मला फार खुपतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केले. त्याचे दावे ग्रामसभेपुढे मांडावे लागतात. दिवाळीनंतर कातकरवाडीत जाऊन पाहावे, तर झोपड्यांच्या दारांना काट्यांची झापे लावलेली असतात आणि ग्रामसभेची दवंडी ऐकावयास एखादी म्हातारी तेवढी घरी असते.