टाकीतले डिझेल जाते कुठे?

आळीत कोणाची नवी गाडी आली की पाहायला जमलेली मंडळी पहिला प्रश्न कोणता विचारतात? ‘ॲव्हरेज किती देते?’ एक लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर जाते, एवढे त्यांना जाणून घ्यायचे असते. ॲव्हरेज म्हणजे सरासरी. ही सरासरी भल्याभल्यांना कशी चकवते ते आपण पुढे पाहणारच आहोत.

मोठ्या, जड, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या डिझेल गाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फारच गमतीचे असते. समजा, कंपनीच्या पत्रकात लिटरला १४ किलोमीटर असे छापले आहे. मालकाला शहरात ९ मिळतात, महामार्गावर भरधाव गेले तर ११ आणि तीच गाडी ताशी ८० किलोमीटरने शांतपणे चालवली तर १८! मग पत्रक खोटे म्हणायचे का? छे. गाडी तीच, डिझेल तेच. बदलते ते काम. कोणते काम, ते मोजण्यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

प्रथम आपल्या शिदोरीचा हिशोब करू. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा मिळते. पेट्रोलच्या लिटरपेक्षा ही दहाएक टक्के अधिक, कारण डिझेल अधिक दाट असते. यातली चाकांपर्यंत किती पोचते? रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा त्याची कार्यक्षमता शेकडा २६ च्या आसपास भरली आणि त्या काळी तो चमत्कारच वाटला. आजची इंजिने याच्या बरीच पुढे गेली आहेत. तरी गिअर, दंड, पंप यांतले घर्षण वजा जाता रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चाकांना शेकडा ३० मिळाले तर बरे म्हणायचे. म्हणजे लिटरमागे सुमारे १०.८ मेगाजूल. बाकीची ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे हवेत जाते.

आता एक काल्पनिक गाडी घेऊ. माणसांसह वजन २२०० किलोग्रॅम. समोरून पाहिले तर क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर. आकार कपाटासारखा, म्हणून हवेच्या रोधाचा गुणांक ०.४ धरू. आकडे अशा गाड्यांना शोभतील असेच घेतले आहेत.

सपाट डांबरी रस्त्यावर या गाडीला दोन शत्रू. पहिला टायर. टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि दर फेऱ्याला थोडी ऊर्जा खातो. हा रोध वजनाच्या सुमारे ०.०१२ पट धरला तर २२०० × ९.८ × ०.०१२ = सुमारे २६० न्यूटन. वेग वाढला तरी तो फारसा बदलत नाही.

दुसरा शत्रू हवा. तिचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता १.२ धरून आपल्या गाडीसाठी हिशोब केला तर ताशी ८० किलोमीटरला ३३० न्यूटन, १०० ला ५२० आणि १२० ला तब्बल ७५० न्यूटन येतात. यात टायरचे २६० मिळवा. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा एका किलोमीटरला ८० च्या वेगाने ०.५९, १०० च्या वेगाने ०.७८ आणि १२० च्या वेगाने १.०१ मेगाजूल लागतात. आपल्या १०.८ मेगाजूलला या आकड्यांनी भागा. उत्तरे येतात लिटरला अनुक्रमे १८, १४ आणि ११ किलोमीटर!

पाहिलेत? चालकाचा उजवा पाय थोडा अधिक दाबला गेला, एवढ्यानेच १८ चे ११ झाले. १२० किलोमीटरच्या प्रवासात ८० ऐवजी १२० चा वेग ठेवला तर अर्धा तास वाचतो आणि सुमारे साडेचार लिटर डिझेल जादा जळते. छपरावर सामानाचा कॅरिअर असेल तर हवेचे काम आणखी वाढते. कित्येक जण तो रिकामाच वर्षभर मिरवतात, हे मला कधी उमगलेले नाही.

शहरात मात्र हवा बिचारी निरपराध असते. तिथे खरा खर्च वेग घेण्यात आणि तो घालवण्यात होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ०.२१ मेगाजूल असते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ती बहुतेक सगळी ब्रेकच्या चकत्या तापवण्यात गेली. किलोमीटरमागे दोनदा असे थांबावे लागले तर ०.४२ मेगाजूल त्यातच खर्च. टायर आणि थोडी हवा धरून एकूण पाऊण मेगाजूल. शिवाय कमी भारावर आणि सारखे गिअर बदलत चालणाऱ्या इंजिनाची कार्यक्षमताही घसरते. शेकडा २० धरली तर लिटरला साडेनऊ किलोमीटर मिळतात. त्यात सिग्नलपाशी नुसते धडधडत उभे राहणे मिळवा. मोठे डिझेल इंजिन जागच्या जागी चालू ठेवले तर तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल पिते आणि त्या तासाचे ॲव्हरेज शून्य! भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आली आहे. ती भरली की साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन थोडे जादा डिझेल वापरते. नुसत्या जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला हा भुर्दंड अधिक जाणवतो.

घाटाचे गणित तर आणखी सरळ आहे. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना आपण सुमारे साडेपाचशे मीटर वर चढतो. mgh चे सूत्र वापरा: २२०० × ९.८ × ५५० म्हणजे जवळजवळ १२ मेगाजूल. टायर आणि हवा यांचा खर्च वेगळाच. नुसते वर चढण्यासाठीच एक लिटरहून थोडे अधिक डिझेल गेले. उतरताना ते परत मिळते का? गिअरमध्ये ठेवून उतरले तर आजची इंजिने डिझेलची फवारणी बंद करतात, एवढाच दिलासा. साठलेली स्थितिज ऊर्जा ब्रेक आणि इंजिन तापवण्यातच जाते. घाट उतरल्यावर येणारा करपल्यासारखा वास तुम्ही घेतला असेल, तो याच ऊर्जेचा.

आता चारही चाकांकडे वळू. ‘चार चाकांना ताकद द्यायची तर दुप्पट डिझेल लागणारच’ असे पुष्कळांना वाटते. हे बरोबर नाही. ओझे दोघांनी उचलले काय किंवा चौघांनी, ओझे तेवढेच. गाडीला किती ऊर्जा लागेल ते रोध ठरवतो, चाकांची संख्या नव्हे. मग तोटा कुठे होतो? पुढच्या चाकांसाठी एक जादा डिफरन्शियल, एक लांब दंड आणि ताकद वाटून देणारी गिअरपेटी लागते. त्यांचे वजन कायम वाहावे लागते. दाट तेलात फिरणारी दातेरी चाके ते तेल घुसळत राहतात. शिवाय वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबच्या मार्गाने जातात. पुढचा आणि मागचा दंड एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर कोरड्या डांबरावर टायर फरफटतात, दंडांना पीळ बसतो. म्हणून अशा गाड्यांत पक्क्या रस्त्यावर दोनच चाकांना ताकद देतात. ज्या गाड्यांत चारही चाके कायम जोडलेली असतात, त्यांत या दोन दंडांच्या मध्ये तिसरे डिफरन्शियल बसवलेले असते.

वाळूत गेल्यावर डिझेल झपाट्याने संपते हे खरे, पण त्याचे खापर चार चाकांवर फोडू नका. सैल वाळूत टायरचा रोध वजनाच्या ०.०१२ पटींवरून ०.२ पट किंवा त्याहूनही वर जातो. ०.२ धरला तरी ४३०० न्यूटन! भागाकार करून पाहा. लिटरला अडीच किलोमीटरच उरतात.

मग पत्रकातला तो आकडा येतो कुठून? पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजेच एआरएआय, ही संस्था आहे. अशा संस्थांमध्ये गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. चाके फिरतात, गाडी जागेवरच राहते. रुळांना असा रोध दिलेला असतो की इंजिनाला आपण रस्त्यावरच आहोत असे ‘वाटावे’. भारतात वर्षानुवर्षे वापरलेल्या चाचणीत ही ‘यात्रा’ ११८० सेकंदांची, सुमारे साडेदहा किलोमीटरची असे. कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी अवघा ३२ किलोमीटर. एसी बंद. घाट नाही, खड्डा नाही, छपरावर सामान नाही.

आणखी एक गंमत म्हणजे इंधन मापट्याने मोजत नाहीत. सायलेन्सरमधून येणारा धूर पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनची मोजदाद करतात. टाकीतला कार्बन दुसरीकडे जाणार कुठे? एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो सुमारे २.६ किलोग्रॅम. जादा वजन हवेतल्या ऑक्सिजनचे. धुरावरून उलट हिशोब केला की डिझेल कळते.

अशी चाचणी दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम. तुमच्या रस्त्यावरचे भाकीत मात्र तिला करता येत नाही. युरोपने २०१७ पासून अधिक लांब आणि अधिक वेगाची चाचणी आणली. तरीही युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात प्रत्यक्ष खप चाचणीपेक्षा शेकडा २० च्या आसपास अधिक आढळला.

आता त्या फसव्या सरासरीकडे येऊ. गाडी १०० किलोमीटर लिटरला १० ने गेली आणि पुढचे १०० किलोमीटर १५ ने. सरासरी किती? साडेबारा म्हणालात तर चुकलात! डिझेल लागले १० आणि ६.६७ लिटर. २०० ला १६.६७ ने भागा, उत्तर १२. आता दुसरा प्रश्न. एकाने लिटरला ८ देणारी मोठी गाडी विकून १० देणारी घेतली. दुसऱ्याने २० देणारी छोटी विकून २५ देणारी घेतली. दोघांच्या गाड्या सारख्याच धावतात. जास्त इंधन कोणाचे वाचले? पहिल्याचे. शंभर किलोमीटरला त्याचे अडीच लिटर वाचतात, दुसऱ्याचा एकच लिटर. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला. म्हणून लिटरला किती किलोमीटर, यापेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर, हे माप अधिक प्रामाणिक.

हा हिशोब कधीकधी फार मोलाचा ठरतो. मनालीहून लेहला जाताना टंडी येथील पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशा अर्थाची पाटी प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. वाटेत पाच हजार मीटरहून उंच खिंड लागते. समजा, टाकीत ४० लिटर डिझेल आहे. पत्रकातल्या १४ ने गुणले तर ५६० किलोमीटर, निश्चिंत राहावे! पण भरलेली गाडी, सततचे चढ आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरची वाट यांमुळे लिटरला ८ च मिळाले तर गाडी ३२० किलोमीटरवर उभी राहील, पंपाच्या ४५ किलोमीटर अलीकडे, कडाक्याच्या थंडीत.

घरच्या किंवा ओळखीच्या गाडीचा खरा आकडा तुम्हीही काढू शकता. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी पूर्ण भरा आणि किलोमीटर टिपून ठेवा. टाकी बरीचशी संपली की त्याच पंपावर, शक्यतो त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा पूर्ण भरा आणि झालेल्या किलोमीटरना आता भरलेल्या लिटरने भागा. भरण्यात एका लिटरची चूक झाली तर १० लिटरच्या मापनात ती शेकडा १० असते, ५० लिटरमध्ये फक्त २. आणि हो, मालकाने हौसेने मोठे टायर बसवले असतील तर आधी किलोमीटरचे दगड पाहत मीटर तपासा. टायरचा व्यास शेकडा ५ ने वाढला की गाडी १०५ किलोमीटर गेली तरी मीटर १०० च दाखवतो.