घोडनदीचा सतपुरुष आणि वॉलेस हे आडनाव

शिरूर, म्हणजे आपली घोडनदी, येथील जुन्या छावणीच्या दफनभूमीत १८०९ पासून चिरविश्रांती घेत असलेल्या कर्नल वॉलेस नामक फौजी अंमलदाराचे आडनाव अस्सल स्कॉटिश गणले जात असले, तरी मुळात ते ‘परका’, विशेषतः वेल्श वंशाचा, या अर्थाच्या प्राचीन शब्दापासून आलेले असून, १३०५ साली लंडनात देहान्त शासन भोगणाऱ्या विल्यम वॉलेसमुळेच ते स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचे प्रतीक होऊन बसले. असईच्या लढाईत (१८०३) मराठ्यांविरुद्ध लढलेल्या या परक्याला शिरूरच्या रयतेने मात्र ‘सतपुरुष’ मानले, हे मला त्या आडनावाच्या साऱ्या वंशावळीहून नवलाचे वाटते. सुगीचे पहिले धान्य त्याच्या थडग्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवण्याचा प्रघात पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरात नमूद आहे.