पूरपट्ट्यातल्या घराचं वायरिंग

घराचं वायरिंग करताना सांगलीतही पहिली चौकशी होते ती वायरच्या जाडीची. त्याचं उत्तर बरंचसं ठरलेलं आहे: दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, गिझर-मिक्सरच्या पॉवर पॉइंटला अडीचची, एसीला चारची. तीन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. अडीचऐवजी दीडची वायर टाकली तर रोध दीडपटीहून जास्त होतो आणि भिंतीतली उष्णताही त्याच प्रमाणात. जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा एमसीबी निवडायचा तो या वायरला झेपेल असा. सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं हा धोकादायक उपाय आहे. मग वायर वितळली तरी तो पडत नाही.

पण कृष्णाकाठी खरा प्रश्न सर्किटांच्या विभागणीचा आहे. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ आणि २०२१ मध्येही शहरात पूर शिरला. पूर ओसरल्यावर तळमजल्याच्या भिंती कित्येक दिवस ओल्या राहतात, वरचा मजला मात्र कोरडा असतो. दोन्ही एकाच सर्किटवर असतील तर ओल्या भिंतीतल्या वीजगळतीमुळे आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) सगळ्या घराची वीज तोडतो, आणि वैतागलेली माणसं त्यालाच वगळून थेट जोडणी करतात. जीव जाण्याची भीती असते ती इथे. म्हणून तळमजल्याला स्वतंत्र सर्किटं, स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच हवा. न्यूट्रलही वेगळा ओढावा. तो दोन्हीकडे सामाईक राहिला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

पुरात महावितरण पुरवठा बंद करतंच, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण बाहेरची वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो आणि पाण्याखालच्या बोर्डांपर्यंत २३० व्होल्ट पोहोचवतो. त्याची लाइन वरच्या मजल्यापुरतीच ठेवली पाहिजे. खर्चाचा आक्षेप रास्त आहे, तरी नव्या घरात खर्च वाढतो तो काही मीटर वायर, एक आरसीसीबी आणि एक स्विच यांचाच. जुन्या घरात भिंती फोडाव्या लागतात, हे खरं. तिथे निदान मुख्य बोर्ड जिन्यात २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर न्यावा, आणि तळमजल्याच्या वायरी छतातून खाली उतरवाव्यात, जमिनीतून नव्हे.