भटकी कुत्री आणि पालिकेचा जमाखर्च

व्यापारी बंधूंनो, महाड नगरपरिषद असो वा पोलादपूर नगरपंचायत, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त हे त्यांचेच काम. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार ते संस्थेकडून करवता येते किंवा स्वतः करता येते; प्राणी कल्याण मंडळाची मान्यता दोन्हीला लागते. स्वतः करायचे तर गाडी-पिंजरे एकदाच घ्यावे लागतात, पण पशुवैद्य, लस, औषधे, खाद्य हा कायमचा खर्च. नसबंदी, लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडतात. मध्येच पैसे आटले की पिल्ले वाढतात, मागचा खर्चही बुडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, एस.टी. स्थानकांतील कुत्री परत तेथे सोडायची नाहीत. म्हणजे निवाराही हवा. शेजारच्या दोन गावांनी मिळून एक केंद्र चालवले तर भार हलका होईल. कुत्रे चावले की कारागिराची मजुरी बुडते. म्हणून १ एप्रिलपूर्वी विचारा, अंदाजपत्रकात दरवर्षीची तरतूद किती?