पिकअपची आंघोळ

मिरा-भाईंदरमधल्या उत्तनच्या धक्क्यावरून मासळी घेऊन निघालेल्या पिकअपचा हौदा एकदा नीट पाहा. बर्फाचं खारट पाणी कोपऱ्यात साचतं, मागच्या फळीच्या बिजागरीत झिरपतं आणि तिथून थेट चासीवर ठिबकतं. गंज धरतो तो इथे, चकचकीत बॉनेटवर नव्हे. म्हणूनच फिरत्या ब्रशांचं स्वयंचलित वॉशिंग अशा गाडीला फारसं कामाचं नाही, असं माझं मत आहे. ही यंत्रं मुख्यतः बंद छपराच्या मोटारी डोळ्यांपुढे ठेवून बनलेली. टोयोटा हायलक्ससारखा पिकअप तर ५.३ मीटरहून लांब. त्यामुळे आधी यंत्राची मापं विचारावीत. केबिनमागे छप्पर संपतं, तिथे उघड्या हौद्यातली दोरी किंवा ताडपत्रीचं टोक ब्रशात गुंतू शकतं. आधीच्या गाडीचा चिखल ब्रशात राहिला असेल, तर रंगावर बारीक ओरखडे उठतात ते वेगळेच.

पाणी वाचतं, हा यंत्राच्या बाजूचा मुद्दा मात्र खरा. स्टेम आणि एमआयडीसी या बाहेरच्या पुरवठादारांच्या पाण्यावर विसंबलेल्या मिरा-भाईंदरमध्ये मोकळा पाइप सोडून गाडी धुणं शोभत नाही. पण पाणी वाचतं ते वापरलेलं पाणी गाळून पुन्हा घेणाऱ्या यंत्रात. आणि तसं पाणी असेल, तर शेवटचा फवारा गोड्या, ताज्या पाण्याचा आहे का, हे विचारायलाच हवं. नुसता जेट मारणारं, ब्रश नसलेलं, खालून फवारा देणारं यंत्र मिळालं तर खुशाल गाडी घाला. हौदा तरीही हातानेच धुवावा लागेल, फळी पाडून.