शिकार... पेंढ्याच्या डुकराची!

होळीची सुट्टी संपवून ऑफिसला आलं की कँटीनमध्ये ठरलेला प्रश्न येतो, 'काय केलंस सुट्टीत?' कुणी गोव्याला गेलेलं असतं, कुणी लोळलेलं असतं. यंदा माझं उत्तर एकदम हटके होतं. 'रानडुक्कर बनवलं.' खायला नाही हो! पेंढा, पोती, सुतळी आणि टीव्हीचे रिकामे खोके वापरून बनवलेलं, खऱ्या मापाचं. तीर मारायला.

माझं आजोळ धडगावकडे, नंदुरबार जिल्ह्यात. पुण्यात नंदुरबार म्हटलं की लोकांना फार तर मिरची आठवते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे राज्याचा वायव्य कोपरा. वर नर्मदा, खाली तापी आणि मध्ये सातपुडा. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढलात की आमचा मुलूख सुरू होतो. इथल्या भिल्ल आणि पावरा घरांमध्ये तीरकामठा शो-पीस म्हणून टांगलेला नसतो, तो घरातला माणूसच असतो म्हणा ना. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातीची. काठीच्या राजवाडी होळीला गेलात तर तो खांद्यावर मिरवताना दिसेल.

मिरवायला आहे, पण मारायला काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, आणि ते बरंच झालं. जंगलच इतकं विरळ झालंय की कायदा नसता तरी फार काही हाती लागलं नसतं. माझे मोठे मामा तेव्हा विशीत होते. त्यांची नजर, जनावराची चाल ओळखणं, अंतराचा अंदाज... हे सगळं पन्नास वर्षं नुसतं आठवणीत पडून आहे. आणि त्यांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, आश्रमशाळेत नववीला. तो तिरंदाजी करतो, पण कागदावर! इंडियन राउंड नावाचा प्रकार असतो. धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं, त्यावर नेम धरायची 'साइट' नाही, अंतर मात्र मोजून ठरलेलं. समोर रंगीत गोल आणि मधे पिवळं. पोरगं बरं मारतं. पण आजा-नातवाचं तिरंदाजीवर बोलणं सुरू झालं की दोन मिनिटांत भांडण. आजा म्हणतो, 'कागद काय मारायचा?' नातू म्हणतो, 'मग काय मारू, आजा? शेळी?'

डुकराची आयडिया तिथून निघाली.

तुम्हाला करायचं असेल तर एक फंडा आधी डोक्यात घ्या. तीर अडतो तो कडकपणामुळे नाही, घर्षणामुळे. फळी लावाल तर तीर मोडेल किंवा उलटा उडेल. पेंढा मात्र दांडीला चारही बाजूंनी आवळून धरतो. म्हणून गच्च भरणं महत्त्वाचं. भाताचा पेंढा लांबीला घ्यायचा, थोडं पाणी शिंपडून मऊ करायचा, आणि चार-चार बोटांवर सुतळीने आवळत त्याचा मोठा भारा बांधायचा. निदान हातभर जाड. आम्ही दोघं सुतळी ओढायचो, तिसरा भाऱ्यावर पाय देऊन उभा. हाताची सालं निघतात बॉस! सैल राहिला तर तीर आरपार जातो आणि मग झुडपात शोधत बसा.

मापाचं खातं मामांकडे. मी इंटरनेटवरून आकडे काढून नेले होते, रानडुकराची खांद्याशी उंची साधारण ८० ते ९० सेंटिमीटर वगैरे. मामांनी टेपकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, 'खांदा इथवर.' मी मोजलं. ८२! मग ते बोलतच सुटले. खांदा उंच, पाठ मागे उतरती. मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यातून निघाल्यासारखं. चरताना सोंड खाली, पण चाहूल लागली की कान पुढे. आमचं डुक्कर कान पुढे केलेलं आहे, कारण मामांच्या मते तीर सोडायची वेळ तीच. इतकी वर्षं या माणसाच्या पंक्तीला बसलोय, पण हे सगळं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

काळीज कुठे असतं, यावर तर त्यांनी अर्धा तास घेतला. पुढच्या पायाच्या कोपराच्या जरा मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. शहरी माणूस पोटाच्या मधोमध मारतो. ते चूक, जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. 'तसं मारणाऱ्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटायची,' मामा म्हणाले.

सगळे तीर तिथेच बसणार म्हटल्यावर पेंढ्याचा तेवढा भाग आठवड्यात भुगा होणार. म्हणून तिथे वीतभराहून मोठा चौकोनी कप्पा ठेवला आणि त्यात खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक रचून दोरीने करकचून आवळले. पुठ्ठ्याच्या कडा तीर मारणाऱ्याकडे, म्हणजे तीर दोन थरांच्या मध्ये शिरतो. खराब झालं की काळीज बाहेर काढा, नवीन बसवा! बांबू वापरायचा तो फक्त पायांत. धडाच्या आत बांबू, तार, खिळा काही नको. वरून तागाचं पोतं शिवायचं आणि त्यावर चाळलेली माती, शेण आणि कोळशाची पूड यांचा पातळ हात फिरवायचा. माती चाळायचीच, खडा राहिला तर तीराचं टोक गेलं. शेपूट म्हणजे जुन्या केरसुणीचा तुकडा. सुतळी आणि पोती धरून खर्च दोनशे रुपयांच्या आत. सशाचा फार विचार केला नाही. पोत्याचा बोळा, दोन कान, झालं.

हे चाळे फक्त आमच्याकडेच चालतात असं समजू नका. रबरी फोमची खऱ्या मापाची जनावरं रानात उभी करून स्पर्धा होतात, त्याला थ्री-डी आर्चरी म्हणतात. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ मध्ये फ्रान्सला झाली. एका फेरीत २४ जनावरं, अंतर सांगत नाहीत, साइट नसलेल्या धनुष्यांना जास्तीत जास्त ३० मीटर. काळजाच्या आतल्या छोट्या गोलाला ११ गुण, मग १०, ८, आणि नुसतं अंगाला लागलं तर ५. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, 'अंगाला लागलं तर पाच कशाला देतात?'

आणि महाभारतात तर हे आधीच आहे. द्रोणाचार्यांनी कारागिरांकडून नकली पक्षी करवून झाडावर बसवला आणि शिष्यांना विचारलं, काय दिसतं? अर्जुनाला फक्त पक्ष्याचं डोकं दिसलं. आमच्या भागात ही गोष्ट एकलव्याच्या बाजूने ऐकायची सवय. त्याच्या मानाखातर तीर ओढताना अंगठा लावत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. गंमत म्हणजे ऑलिंपिकमधले तिरंदाजही दोरी तीन बोटांनीच ओढतात, अंगठा बाहेर!

पहिल्या दिवशी पुतण्याचे तीर डुकराच्या अंगभर विखुरले. तो वैतागला, 'आजा, इथं पिवळं नाही. बघू कुठं?' मामांनी पोत्यावरची एक निघालेली सुतळी दाखवली. 'आख्खं डुक्कर बघशील तर चुकशील. एवढीच बघ.' मग ते स्वतः उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हात थरथरत होते. डुक्कर तिरकं, उतारावर, वीस-बावीस पावलांवर. पहिला तीर वरून गेला. दुसरा पुठ्ठ्यात. तिसरा त्याच्याशेजारी. पोरगं काहीच बोललं नाही, तीर आणायला पळालं.

याचा त्याच्या स्पर्धेला उपयोग होईल का? खरं सांगायचं तर गुणांपुरता फारसा नाही. थ्री-डी ऑलिंपिकमध्ये नाही. तिथे रिकर्व्ह धनुष्य, ७० मीटर, १२२ सेंटिमीटरचा गोल आणि त्यातला दहाचा गोल अवघा १२.२ सेंटिमीटर. तिथवर जायला महागडं धनुष्य लागतं आणि कागदावर रोज शेकडो तीर मारावे लागतात. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते तशाच सरावातून. पण उदयपूरकडच्या लिंबा रामची सुरुवात बांबूच्या धनुष्याने पाखरं टिपण्यातून झाली होती, आणि १९८७ मध्ये निवड झाल्यावर पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकला होता. म्हणून मी पुतण्याला सांगितलंय, सकाळी कागद, संध्याकाळी डुक्कर. सरांनी नको म्हटलं तर सरांचं ऐकायचं.

करणार असाल तर नियम कडक ठेवा. मागे मातीचा उंच बांध किंवा नाल्याची दरड हवीच. सगळ्यांचे तीर संपल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. तीर उपसताना मागे कुणी उभं राहायचं नाही. टोक बोथट गोळीसारखं, शिकारीचं पातं नको. आणि कंपाऊंड धनुष्य घेऊन पेंढ्यासमोर उभं राहू नका, तो तीर डुक्करही भेदेल आणि कदाचित बांधही.

आमच्याकडे सध्या खरा प्रश्न वेगळाच आहे. पेंढा म्हणजे चारा. मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'दोन बैलांचं आठवड्याचं खाणं तुम्ही उभं केलंय.' परवा पुतण्याचा फोन आला. एका बैलाने दावं तोडून डुकराचा मागचा अर्धा भाग खाल्लाय. पुढचा शाबूत आहे. 'काका, काळीज आहे अजून. येताना खोके आणा, जाड पुठ्ठ्याचे.'